रोशा गवत ओळखायचं ते पानाच्या बुडाशी

दिवाळीच्या आसपास तोरणमाळच्या घाटात लोक गाड्या थांबवतात, उतारावरच्या तांबूस तुऱ्यांचे फोटो काढतात आणि मला पाठवून विचारतात, "ताई, हेच ना रोशा?" बऱ्याचदा ते थेमेडा नावाचं दुसरंच गवत निघतं. रंग दोघांचाही तांबूस, उंचीही जवळपास सारखी, आणि लांबून काढलेल्या फोटोत सगळा डोंगर एकाच गवताचा वाटतो. म्हणून रोशाची ओळख करून देताना मी रंगाचं नावच काढत नाही. आधी पानाचं बूड बघायला लावते, मग वास घ्यायला लावते, आणि तुरा सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलं की तुरा असो वा नसो, रोशा बहुतेक वर्षभर ओळखता येतं.

मी धुळे-नंदुरबारकडच्या सातपुड्यात गावांच्या वनसमित्यांबरोबर गवतांच्या नोंदी करते. सामूहिक वनहक्क मिळालेली गावं रानाचा आराखडा करतात, तेव्हा झाडांची यादी पोरं भराभर सांगतात: साग, सालई, धावडा, अंजन, मोह, टेंभुर्णी. गवताचा रकाना आला की त्यात एकच शब्द पडतो, "चारा". मला हे सहन होत नाही. या रानातल्या गवतांपैकी एकाचं तेल शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने इस्तंबूलपर्यंत जात होतं, आणि तिथून बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जात होतं. ते गवत म्हणजे हेच रोशा. त्याला स्वतःचा रकाना मिळायला हवा.

शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. गवती चहाच्याच प्रजातीतलं, म्हणजे अगदी जवळच्या नात्यातलं. मराठीत रोशा, रोसा, काही भागांत तिखाडी. तेलाच्या बाजारात पामरोजा. 'मार्टिनी' हे नाव लखनौच्या क्लॉड मार्टिन या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या फ्रेंच अधिकाऱ्यावरून आलं. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत असताना त्याने पठारावरून या गवताचं बी गोळा करून लखनौला नेलं, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने पुढे त्याच्या नावाने गवताचं वर्णन केलं. आपल्याकडच्या डोंगरातल्या माणसांना ते अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

कुठे शोधायचं

रोशाला ऊन लागतं. दाट सागाच्या सावलीत शोधू नका, वेळ वाया जाईल. झाडं विरळ आहेत, दोन झाडांच्या मध्ये आभाळ मोकळं आहे, जमीन उताराची आहे आणि पावसाचं पाणी थांबत नाही, अशा पानगळीच्या रानात जा. सालई आणि धावडा असलेले मुरमाड उतार मला सगळ्यात भरवशाचे वाटतात. अक्राणीच्या डोंगरांत, पिंपळनेरच्या बाजूला, विदर्भात मेळघाटाकडे, मध्य प्रदेशात निमाड आणि बैतूलमध्ये रोशाची जुनी ठिकाणं आहेत.

आणखी एक खूण गुरांच्या तोंडाची. कोवळं असताना गुरं रोशा खातात, पण काडी वर निघाली आणि वास भरला की तोंड लावत नाहीत. त्यामुळे ऑक्टोबरात एखाद्या चरलेल्या उतारावर बाकी सगळं खुरटलेलं असेल आणि मधेमधे माणसापेक्षा उंच ठोंब शाबूत उभे असतील, तर आधी त्यांच्याकडे जा. ते रोशाच असतील असं नाही, पण वासाच्या गवतांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी.

ठोंबाजवळ जाताना काठीने बुडाशी आपटत जा. घोणस आणि फुरसं या दोघांनाही असल्या ठोंबांचा आडोसा आवडतो. बसून, खाली वाकून बघायचं काम आहे, म्हणून हे आधीच सांगते. बरोबर दहापट दाखवणारं छोटं भिंग, पट्टी, पेन्सिल आणि जुनी वर्तमानपत्रं एवढं पुरे.

ठोंब

रोशा बहुवर्षायू आहे. एकाच जागी वर्षानुवर्षं राहणारा ठोंब, जमिनीखाली आखूड, कठीण, गाठाळ मुळवड. बोटं मातीत घालून बुडाशी चाचपलं तर मागच्या वर्षीच्या तुटक्या काड्यांची खुंटं हाताला लागतात. ही खुंटं महत्त्वाची. वर्षायू, म्हणजे एकाच वर्षात संपणाऱ्या, गवतात ती सापडत नाहीत, आणि थेमेडाची एक जात (क्वाड्रिव्हाल्विस) वर्षायूच आहे. ठोंब सहज उपटून हातात आला, मुळं नुसती केसासारखी निघाली, तर ते रोशा नव्हे. पण हे पाहायला रोशा उपटायचं नाही. बाजूची माती थोडी सारली की दिसतं.

काड्या सरळ उभ्या, गोल, गुळगुळीत. दीड मीटरपर्यंत नेहमीच, चांगल्या जमिनीत दोन मीटरच्याही वर. पेरांवर केस नाहीत.

पानाचं बूड

आता मुख्य गोष्ट. अगदी खालची जुनी पानं सोडा, ती फसवतात. उभ्या काडीच्या मध्यावरचं एक पान निवडा. पातं जिथे काडीपासून सुटतं, ती जागा बघा. रोशाचं पातं तिथे अरुंद होत नाही. उलट रुंद होतं, दोन्ही बाजूंना गोल कान काढतं आणि काडीला पुढून मिठी मारतं. वरून पाहिलं तर पानाचं बूड हृदयाच्या आकाराचं दिसतं आणि काडी त्याच्या खाचेतून वर गेल्यासारखी वाटते. पातं एक ते तीन सेंटिमीटर रुंद, तिथून टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. पातळ, केसांशिवाय, खालच्या बाजूला निळसर पांढुरकी झाक. कडेवरून बोट टोकाकडून बुडाकडे फिरवू नका, कापतं.

पान काडीपासून हळूच मागे ओढलं की सांध्यावर आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा दिसतो. त्याला जिव्हिका म्हणतात. रोशात ती दोन ते चार मिलिमीटरची, पारदर्शक पडद्यासारखी असते.

हे रुंद, मिठी मारणारं बूड इतकं बोलकं आहे की आमच्या भागात ज्यांना रोशा खरंच कळतं ती माणसं आधी तिथेच बघतात. धडगावकडच्या एका पावरा आजींबरोबर मी रानात फिरले. त्या तुऱ्याकडे मान वर करूनही पाहत नव्हत्या. चालता चालता काडी अंगठा आणि तर्जनीत धरून बोट वर सरकवत, पानाचे कान बोटाला लागले की "हं" म्हणून पुढे जात. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावरही त्यांचं काम थांबलं नाही. तेव्हापासून मी पोरांना डोळे मिटून काडी चाचपायला लावते.

सावध राहायचं ते एका जवळच्या नातेवाइकापासून: सिंबोपोगॉन सीझियस. दख्खनच्या कोरड्या माळांवर ते आहे, वासही आहे, तुराही जवळजवळ तसाच. त्याचं पातं मात्र अरुंद, रेषेसारखं, आणि बुडाशी गोलसर झालं तरी काडीला मिठी मारत नाही. दोन्हींच्या मधली वाटावीत अशी झाडंही भेटतात. तिथे "सिंबोपोगॉन, जात नक्की नाही" असं लिहिणं मला खोट्या खात्रीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

वास

एक पान तोडा, दोन्ही तळव्यांत चांगलं चोळा आणि थोडं थांबा. पहिला वास कुठल्याही हिरव्या गवताचा येतो. तो उडून जाऊ द्या. त्यानंतर जो वर येतो तो रोशाचा: गोड, गुलाबाकडे झुकणारा, मागे किंचित सुकलेल्या गवताची ऊब. हा गुलाब जिरेनिऑल नावाच्या द्रव्यामुळे. गुलाबाच्या अत्तरातही ते असतं, आणि रोशाच्या चांगल्या तेलात साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त तेच असतं. म्हणूनच तर गुलाबाच्या अत्तरातली ती भेसळ खपत होती.

तुरा आलेला असेल तर पानाऐवजी तुऱ्याचं टोक चुरगाळा. तेल सगळ्यात जास्त तुऱ्यात, मग पानांत. काडीत जवळपास नाहीच. काडी चोळून "वास नाही, म्हणजे रोशा नाही" असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. आणि एका हाताने लागोपाठ ठोंब तपासू नका. पहिल्या ठोंबाचं तेल बोटांवर राहतं, मग कुसळीसारख्या बिनवासाच्या गवतालाही गुलाबाचा वास येऊ लागतो. मधे कोरड्या मातीत हात घासा.

आता गुंतागुंतीचा आणि मला सगळ्यात आवडणारा भाग. सगळ्या रोशाला गुलाबाचा वास येत नाही. काही ठिकाणी वास तिखट, आल्यासारखा, नाकात चढणारा असतो. खानदेशातले तेल काढणारे या दोन तऱ्हांना मोतिया आणि सोफिया म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत त्यांचं म्हणणं असं लिहिलेलं आहे की तुरा कोवळा, निळसर पांढरा असतो तोवर गवत मोतिया, आणि पिकून लाल झालं की सोनफिया, म्हणजेच सोफिया. म्हणजे एकाच गवताच्या दोन वयांची नावं. पुढे विसाव्या शतकात कळलं की या दोन वेगळ्या वाणांच्या गोष्टी आहेत. मोतियाच्या पेशीत गुणसूत्रं २०, सोफियाच्या ४०. मोतियाच्या तेलाला पामरोजा म्हणतात, सोफियाच्या तेलाला जिंजरग्रास.

रानात उभं राहून फरक असा करायचा. मोतिया कोरड्या, उन्हाच्या उतारावर सुटासुटा उगवतो. पानं काडीपासून बरीच बाहेर पसरलेली, रंग फिका. सोफिया सखल, ओल धरणाऱ्या जागी दाट पट्टा करतो. पानं काडीला धरून वर उभी, रंग गडद हिरवा. दोन्हींच्या पानांचं बूड मात्र एकच. म्हणून नुसत्या वासावर विसंबून सोफियाला "हे रोशा नाही" म्हणू नका.

त्या तेलाच्या धंद्याबद्दल थोडं, कारण तो इथलाच आहे. भट्ट्यांचं मूळ ठिकाण पिंपळनेर. तिथलं गवत विरळ झाल्यावर काम नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे सरकलं. पावसाळा सरता सरता तेल काढणारे भिल्लांकडून गवत विकत घेत, आणि जिथे लाकूड आणि वाहतं पाणी दोन्ही हाताशी, अशा ओढ्याकाठी चूल खणत. तांब्याच्या किंवा लोखंडाच्या मोठ्या हंड्यात चिरलेलं गवत आणि पाणी, वर झाकण, झाकणाची फट कणकेने बंद. झाकणातून निघालेल्या बांबूच्या नळीवर कापड गुंडाळून उडदाच्या पिठाचा लेप. नळीचं दुसरं टोक वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या हंड्यात. वाफ तिथे थंड होई, तेल वर तरंगे. ही माणसं दिवसचे दिवस त्या वासात राहत होती, आणि कोवळ्या गवताचं तेल जास्त नाजूक वासाचं असतं हे त्यांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं.

तुरा

सप्टेंबरअखेरपासून तुरे वर येतात. पंधरा ते तीस सेंटिमीटर लांब, उभा, भरगच्च. फांद्यांच्या टोकांना छोट्या कणसांच्या जोड्या, प्रत्येक कणीस जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचं. प्रत्येक जोडीच्या खाली होडीच्या आकाराचं एक चिमुकलं पान असतं. पुढे तांबूस-तपकिरी होतं ते हे पान. लांबून दिसणारा रंग मुख्यतः त्याचाच.

भिंग असेल तर एक बिनदेठाचं कणिशक (कणसाचा सगळ्यात लहान घटक) चिमट्याने सोडवा आणि त्याची पाठ बघा. बाहेरच्या तुषावर, म्हणजे सालीवर, खालच्या अर्ध्या भागात मध्यावर खोल खाच दिसेल, गव्हाच्या दाण्यावरच्या रेघेसारखी, पण व्ही आकाराची. कुसळ दीडएक सेंटिमीटरचं, मध्ये वाकलेलं. आणि कणसांच्या जोडीच्या अगदी बुडाशी एक देठ फुगून पिंपासारखा गोल झालेला असतो. खाच आणि फुगीर देठ दोन्ही सापडले की सिंबोपोगॉनच्या या गटात तुम्ही नक्की आहात. मग परत पानाच्या बुडाकडे जा आणि मार्टिनी आहे का ते ठरवा.

ज्यांच्याशी गल्लत होते

थेमेडा पुन्हा आलंच. त्याला वास नाही. पान अरुंद, मधून दुमडलेलं, खालचं आवरण दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं. तुऱ्यात झुकलेले त्रिकोणी झुपके, आणि प्रत्येक झुपक्याच्या बुडाशी चार कणिशकं गोलाकार बसलेली. एकदा पान हातात घेतलं की रोशाशी गल्लत होणं शक्य नाही. गल्लत फक्त गाडीतून बघणाऱ्यांची होते.

कुसळी ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही, ती कपड्यांना शिकवते. एकच कणीस, लांब गडद कुसळं एकमेकांत पिळून गुंता झालेली. शेडा आणि डोंगरी गवत हीसुद्धा बिनवासाची, चाऱ्याला रोशापेक्षा कितीतरी चांगली; डोंगरी गवताच्या मोकळ्या तुऱ्यात बारीक दोऱ्यासारख्या फांद्या आणि त्यांच्या टोकाला सोनेरी-तांबूस केस असतात. वाळा ओढ्याकाठी, आणि त्याचा सुगंध मुळांना. गवती चहा परसात लावलेला. त्याचा वास लिंबाचा आणि त्याला तुरा क्वचितच येतो.

वासावरून खरोखर फसवू शकतं ते बोथ्रिओक्लोआ ओडोराटा. आपल्या पश्चिम घाटाकडचं गवत. १८८९ मध्ये मुंबईच्या श्रीमती लिस्बोआ यांनी सुवासिक गवतांवर लिहिताना त्याचं पहिलं वर्णन केलं. त्याचा तुरा मात्र बोटं पसरावीत तसा एका जागेतून फुटतो, होडीसारखी पानं त्यात नाहीत, आणि पानाचं बूड काडीला धरत नाही.

तुरा नसताना

जून-जुलैत नुसती पाती असतात, काडी नसते, म्हणून बुडाची खूण अजून तयार नसते. तेव्हा मागच्या वर्षीची खुंटं आणि वास यावर काम करा. जानेवारीनंतर सगळं वाळून पिवळं पडतं, पण वास जात नाही. वाळकं पान तळहातावर चुरून ओलं बोट लावलं की पुन्हा उठतो. वाळलेल्या काडीवर पानांचे कानही तसेच राहतात. वणवा लागून गेला असेल तर फक्त काळे बुंधे दिसतील. त्यावर जात लिहू नका. जागा टिपून ठेवा. रोशाची मुळवड साध्या जमिनीवरच्या आगीतून वाचते आणि पहिल्या पावसानंतर तिथूनच फुटते.

हे काळे बुंधे आणि वाळके माळ बघूनच "पडीक", "अवनत" असा शिक्का मारला जातो, आणि मग तिथे झाडं लावायचे खड्डे पडतात. मी अशा उतारांवर उभी राहिले आहे, जिथे ओळीने खणलेल्या खड्ड्यांच्या काठावर रोशाचे ठोंब मुळांसकट उलटे पडले होते. सालई-धावड्याचं विरळ रान असंच विरळ असायचं असतं. त्याच्या मोकळ्या उन्हातच रोशा जगतं. तिथे दाट सावली केली की गवत पाच-दहा वर्षांत नाहीसं होतं. म्हणून तुमच्या गावच्या रानात रोपवनाची जागा ठरत असेल, तर खड्डे मारण्याच्या आधीच्या ऑक्टोबरात तिथे जा आणि गवताची नोंद करून ती ग्रामसभेत मांडा. नोंद नसेल तर तिथे काही नव्हतंच असं धरलं जातं.

नोंद करताना

प्रत्येक ठिकाणी चार फोटो घ्या: पूर्ण ठोंब, शेजारी काठी उभी करून; काडीच्या मध्यावरच्या पानाचं बूड, अगदी जवळून; पानाची खालची बाजू; आणि तुऱ्याचा एक तुकडा पट्टीवर ठेवून. सगळ्यात जास्त विसरला जातो तो दुसरा फोटो, आणि त्याच्याशिवाय कुणीही तज्ज्ञ नक्की उत्तर देऊ शकत नाही. दोरीने दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखा, त्यातले ठोंब मोजा, आणि शेजारच्या गवतांतली ओळखता येतील तेवढी लिहा.

नमुना घ्यायचा तर एकाच काडीचा, तोही जिथे ठोंब भरपूर आहेत तिथेच. काडी लांब असते, इंग्रजी 'एन' अक्षरासारखी दोनदा दुमडून वर्तमानपत्रात बसवा आणि कागद रोज बदला, नाहीतर पानं काळी पडतात. शंका असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाच्या केंद्रात वनस्पतिसंग्रह आहे, तिथल्या नमुन्यांशी ताडून बघता येतं.

चिठ्ठीवर तारीख, गाव, पाडा, उताराची दिशा, मोठी झाडं कोणती, हे तर लिहाच. त्याखाली वासासाठी एक वेगळी ओळ सोडा, आणि ती रानातच भरा: गोड की तिखट, पानाचा की तुऱ्याचा. घरी आल्यावर आठवून लिहिलेला वास कामाचा नसतो. गावातल्या माणसांनी त्या ठोंबाला जे नाव दिलं तेही लिहा, पुस्तकातल्या नावाशी जुळो न जुळो, आणि कुणी सांगितलं ते विचारून, त्यांच्या परवानगीने.